बोटाला विचारा

कागदमावशींच्या कार्यशाळेत पाऊल टाकलं की आधी कागद फाडावा लागायचा. रद्दी नव्हे हं. चांगला, पांढराशुभ्र, दिव्यासमोर धरला तर आतले धागे दिसावेत असा जपानी कागद. माणसं बिचकायची. इतका देखणा कागद, आणि तो फाडायचा? मावशी मग ओल्या ब्रशनं कागदावर एक रेघ ओढायच्या आणि दोन्ही हातांनी हलकेच ताणायच्या. आवाजसुद्धा न करता कागद त्या रेघेवर सुटायचा आणि कडेला बारीक लव राहायची. "कात्रीनं कापलात तर नुसती कड मिळते," त्या म्हणायच्या. "असा सोडवलात तर कागदाला हात फुटतात. हे धागे दुसऱ्या कागदाला धरून ठेवतात." मग कुणीतरी विचारायचंच, की रेघ नक्की किती ओली हवी. त्यावर मावशींचं उत्तर ठरलेलं होतं. "बोटाला विचारा. डोळ्याचं काय, तो काहीही सांगेल."

बाई सडसडीत, केस घट्ट बांधलेले, चष्मा कायम डोक्यावर चढवलेला आणि जीभ तिखट. नाकावर माशी बसू द्यायच्या नाहीत. सगळी नोकरी त्यांनी एका ग्रंथालयाच्या बांधणी विभागात काढली. फाटकी पुस्तकं यायची, त्या ती शिवून, चिकटवून पुन्हा कपाटात उभी राहतील अशी करायच्या. तिथे एकदा जपानहून एक पाहुण्या बाई शिकवायला आल्या. दोघींना एकमेकींच्या भाषेतलं ओ की ठो कळत नव्हतं. पाहुण्या बाईंनी मावशींचं बोट धरलं, एका ओलसर कागदावर टेकवलं आणि मान डोलावली. मग जरा जास्त ओल्या कागदावर टेकवलं आणि तोंड वाकडं केलं. एवढीच ती शाळा. पण मावशींना त्या कागदाचं असं काही वेड लागलं, की निवृत्त झाल्यावर नातेवाईक "आता आराम करा" म्हणायच्या आत त्यांनी पुढच्या खोलीतला सोफा काढून टाकला आणि तिथे एका जुन्या दाराचं लांबलचक टेबल करून घेतलं.

खाली कुलपं-किल्ल्यांचं दुकान, वर ही कागदाची खोली. दिवसभर खालून कानशीचा आवाज यायचा. वर कुणी दिव्याच्या छत्र्या करायला येई, कुणी डबे मढवायला, कुणी कागदाचे तुकडे सोडवून त्यांची चित्रं चिकटवायला. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा दूरच्या एका गोदामावर नोकरीला, सुट्टीला तेवढा घरी यायचा. मदतीला होती सून.

सून घरात आली त्याच आठवड्यात मावशींनी तिला खळ शिजवायला बसवलं होतं. गव्हाचं सत्त्व पाण्यात कालवायचं, मंद आचेवर ढवळत राहायचं, गार झालं की चाळणीतून घासून काढायचं. गाठ राहिली की मावशी तोंडावर सांगायच्या, "ही खळ आहे की पिठलं?" सून उलट बोलायची नाही. पुन्हा चाळायची. तिचं बोलणंच बेताचं. विचारलं तर सांगणार, नाही विचारलं तर मूग गिळून बसणार. दोघींचं कधी भांडण झालं नाही, आणि खरं सांगायचं तर कधी गप्पाही झाल्या नाहीत. कामापुरतं बोलायचं आणि काम भरपूर, त्यामुळे निभत होतं.

आता मावशींनी कुणालाही न सांगितलेली गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं.

त्यांची बोटं बधिर झाली होती. एका सकाळी त्यांना वाटलं, आपण हातमोजे घातलेत की काय. हात चोळले, शेकले, तेल लावलं. काही दिवस गेले, तसे ते न घातलेले हातमोजे आणखी जाड झाले. डॉक्टरांनी टाचणी टोचून पाहिली. "टोचतंय?" विचारलं. मावशी म्हणाल्या, "टोचा ना आता." डॉक्टर म्हणाले, "टोचली की." साखर मुरली की नसा अशा मंदावतात, औषधानं आहे तेवढं राखता येईल, गेलेलं परत येईल असं सांगता येत नाही, असं डॉक्टरांनी नीट समजावलं. घरी आल्यावर मावशींनी सुनेला सांगितलं, चष्म्याचा नंबर बघायला गेले होते. आणि गोळ्या ब्रशांच्या डब्यात तळाशी ठेवल्या.

का नाही सांगितलं? भीती, दुसरं काय. उभा जन्म लोकांना बोटाला विचारायला सांगणाऱ्या बाईची बोटंच मुकी झाली, हे बाहेर कळलं तर या खोलीत कोण येईल? आणि खोली बंद झाली तर आपण कोण उरतो? खिडकीत बसून रस्ता बघणारी एक सासू. हा विचार मनात आला की मावशी कुणावर तरी उगाच खेकसायच्या.

त्यांनी एक युक्ती मात्र काढली होती. कागदाचा ओलेपणा बघायला त्या तो उचलून गालाला लावायच्या. गालाला अजून सगळं कळत होतं. लोकांना ते भारी वाटायचं. वर्गात एक निवृत्त कंडक्टरकाका यायचे, नातीसाठी कंदील करण्याचं निमित्त करून कायमचे चिकटलेले, ते म्हणायचे, "आमच्या मावशी आधी कागदाचा लाड करतात, मग त्याला कामाला लावतात." सगळे हसायचे. मावशीही हसायच्या. सून हसायची नाही, पण ती तशीही फारशी हसायची नाही, म्हणून ते कुणाच्या ध्यानात आलं नाही.

अशात एक दिवस दुपारी ब्रश धुऊन टांगताना सुनेनं दोन पुठ्ठ्यांत बांधलेलं काहीतरी टेबलावर आणून ठेवलं.

"आई, हे करून द्याल?"

आत एक चित्र होतं. सुनेचे वडील दुकानांच्या पाट्या रंगवायचे. आयुष्यभर त्यांनी अक्षरं रंगवली, चित्र असं एकच काढलं. कुठल्याशा दुकानात पाटीचा रंग वाळायची वाट बघत असताना, सामान गुंडाळायच्या तपकिरी कागदावर, पेन्सिलीनं. रंगाच्या पालथ्या डब्यावर बसलेली लहानशी मुलगी, एक बूट पायात, एक हातात. ती मुलगी म्हणजे ही सून. खाली सही वगैरे काही नाही. फक्त उजव्या कोपऱ्यात, त्यांनी चित्र उचलून धरलं असेल तिथे, निळ्या तेलरंगाचा एक अंगठा उमटलेला. वडील गेले तेव्हा तिच्यापाशी त्यांचं दुसरं काहीच नव्हतं. त्यांचा फोटोसुद्धा नाही, कारण कुणी फोटो काढायचं तेव्हा ते कायम शिडीवर असायचे, असं ती म्हणाली. एवढं लांब वाक्य ती पहिल्यांदाच बोलली असेल.

मावशींनी चष्मा डोळ्यांवर घेतला. कागद असा झाला होता, की श्वास जोरात सोडला तर तुकडे पडावेत. घड्यांवर भेगा, कडा चुरगळून पडलेल्या. आता याला मागून जपानी कागदाचं अस्तर लावल्याशिवाय गत्यंतर नाही, आणि ते लावताना हाताखाली काय चाललंय ते बोटांना क्षणाक्षणाला कळायला हवं, हे मावशींइतकं कुणाला ठाऊक होतं?

त्यांनी नाही म्हणायला हवं होतं. दोन शब्दांचं काम होतं. पण सून समोर उभी होती, आणि घरात आल्यापासून तिनं पहिल्यांदा काही मागितलं होतं.

"करू की," मावशी म्हणाल्या. "रविवारच्या वर्गातच करू. लोकांनाही दुरुस्ती बघायला मिळेल."

यातही त्यांचा एक डाव होता. दोघीच असत्या तर सून शेजारी उभी राहून हाताकडेच बघत बसली असती. वर्गात तिला दहा जण दहा गोष्टी मागणार. मावशींनी असा विचार केला आणि त्या रात्री त्यांना धड झोप लागली नाही.

रविवारी खोली भरली. कंडक्टरकाका होते, दातांच्या डॉक्टरीणबाई होत्या, ज्यांचे हात अतिशय नेमके आणि स्वभाव अतिशय भित्रा, दोन मैत्रिणी होत्या ज्या सगळं एकमेकींना विचारून करायच्या, आणखी चार-दोन नवी मंडळी. छत्र्या, डबे चालले होते, पण सगळ्यांचा डोळा टेबलाच्या त्या टोकाकडे, जिथे मावशींनी काचेसारखा स्वच्छ प्लास्टिकचा तुकडा अंथरला होता.

"पंखा बंद," मावशी म्हणाल्या. "आणि कुणी दारं-खिडक्या उघडायच्या नाहीत. वाऱ्याची झुळूक आली तरी मी बघून घेईन."

त्यांनी आधी कोपऱ्यातल्या निळ्या ठशावर आणि पेन्सिलीच्या रेघेवर पाण्याचा थेंब टेकवून टिपकागदानं उचलून बघितला. टिपकागद कोरा राहिला. रंग सुटत नव्हता. मग चित्र पालथं घातलं. फवाऱ्यानं वरून धुकं पडावं तसं पाणी मारलं. तपकिरी कागद गडद होत गेला आणि हळूहळू सैलावला. मावशींनी मऊ ब्रशनं भेगा एकमेकींजवळ सरकवल्या. हे डोळ्यांचं काम होतं, आणि डोळे शाबूत होते. सून टेबलाच्या पलीकडे अस्तराच्या कागदाला खळ लावत होती, आणि मधूनमधून वर बघत होती.

"आता लक्ष द्या," मावशी म्हणाल्या. "इथून पुढे थांबता येत नाही. चित्र आधी वाळलं तर भेगा उघडणार, खळ आधी वाळली तर अस्तर धरणार नाही. दोन्ही ओलं असतानाच गाठ पडली पाहिजे." त्यांनी वाडग्यातली खळ अंगठा आणि बोटात घेऊन सगळ्यांना दाखवली. "ही अशी. दाट दुधासारखी."

"मावशी, मग कोपरा उचलून बघणार ना? लाड करणार ना?" कंडक्टरकाका म्हणाले.

बाकीचे हसले. चित्र काही गालाला लावता येण्यासारखं नव्हतं, आणि ते मावशींना त्या क्षणी कळलं. सगळे वाट बघत होते. मावशींनी हात पुढे केला, चित्राचा कोपरा अंगठा आणि बोटाच्या चिमटीत धरला आणि केसभर उचलून पुन्हा टेकवला. बोटांना काहीही कळलं नाही. लाकूड धरलं काय, कागद धरला काय.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "अस्तर घ्या."

सून अस्तर पट्टीवर टांगून उचलणार, एवढ्यात डॉक्टरीणबाई भीत भीत म्हणाल्या, "मावशी, तिथे कोपऱ्यात काहीतरी कमी दिसतंय."

कमी दिसत होतं. नखाएवढा तुकडा नव्हता. पालथ्या चित्राच्या त्या कोपऱ्यात प्लास्टिक लख्ख दिसत होतं. आणि त्या कोपऱ्याची किंमत त्या खोलीत दोघींनाच ठाऊक होती.

सून जागच्या जागी उभी राहिली, हातात खळ लावलेलं अस्तर तसंच. ती म्हणाली, "निळा ठसा."

"हलू नका कुणी," मावशी म्हणाल्या.

मग जी शोधाशोध सुरू झाली ती विचारू नका. मावशी टेबलावर वाकल्या, ब्रशाचे केस उलटसुलट करून बघितले, फवारा उचलला, टिपकागद उचलला, वाडगा उचलला. दोघी मैत्रिणी गुडघ्यांवर बसून जमीन बघू लागल्या. कंडक्टरकाका एका पायावर उभे राहून बुटाचा तळ तपासत होते आणि पडायला आले होते. खालून कानशीचा आवाज येत होता, तोही कुणाला सहन होईना. इकडे अस्तरावरची खळ कडेनं पांढरी पडायला लागली होती, आणि चित्राचा गडद रंग मधूनमधून फिका होत चालला होता. मावशींनी पुन्हा पाणी मारलं. घाईत पाणी एका ठिकाणी जास्त पडलं.

"असं कसं उडेल?" त्या म्हणाल्या. "असा कसा उडेल तुकडा? वारा आल्याशिवाय?" त्यांनी मान वर केली. टेबलामागची खिडकी बोटभर उघडी होती. "खिडकी कुणी उघडली?"

त्यांनी एकेकाकडे बघितलं.

"मी विचारतेय, खिडकी कुणी उघडली?"

"मी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "गुदमरल्यासारखं झालं होतं. थोडीशीच."

"थोडीशी," मावशी म्हणाल्या, आणि मग त्यांचं तोंड सुटलं. "सांगितलं होतं ना मी? मराठीतच सांगितलं होतं ना? एका माणसाचं सगळं आयुष्य त्या कोपऱ्यात होतं, आणि तुम्हाला गुदमरतं. घरी बसायचं होतं मग." डॉक्टरीणबाई काहीतरी बोलू लागल्या तशी मावशींनी उजवा हात उभा केला, पंजा पसरून, त्यांच्या तोंडासमोर. "एक शब्द नको."

डॉक्टरीणबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्या बघत होत्या त्या पंजाकडे. कंडक्टरकाकाही तिकडेच बघू लागले. मग दोघी मैत्रिणी.

मावशींना वाटलं, आपला दरारा. त्यांनी हात खाली घेतला आणि तो कमरेच्या अॅप्रनला पुसायला नेला.

"आई, हात पुसू नका."

अस्तर खाली ठेवून सून केव्हा टेबलाला वळसा घालून आली, मावशींना कळलं नाही. तिनं त्यांचं मनगट घट्ट धरलं होतं.

"सोड. तुकडा शोधायचाय."

"तुमच्या अंगठ्यावर आहे," सून म्हणाली.

मावशींनी पंजा उलटा करून बघितला. अंगठ्याच्या पेरावर, खळीनं चिकटलेला, तो नखाएवढा तपकिरी तुकडा होता, आणि त्यावर निळा ठसा. मघाशी कोपरा उचलताना तो सुटून आला होता. एवढा वेळ तो त्यांच्याच हातावर होता. त्याच हातानं त्यांनी ब्रश उलटेपालटे केले होते, टेबल चाचपलं होतं, आणि त्याच हातानं डॉक्टरीणबाईंना गप्प केलं होतं.

शरमेनं मावशींचे कान तापले. त्यांनी खोलीभर बघितलं. या माणसांना काय सांगायचं, काहीतरी सांगता येईल का, चष्मा, घाई, म्हातारपण, सगळं त्यांच्या मनात येऊन गेलं. पण खळ वाळत होती.

"मला कळलं नाही," त्या म्हणाल्या. मग, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "माझ्या बोटांना काही कळत नाही. बरेच महिने झाले."

डॉक्टरीणबाईंनी पुढे होऊन खिडकी लावली.

सुनेनं मनगट सोडलं नव्हतं. "चिमट्यानं काढू नका, फाटेल," ती म्हणाली. "अंगठा तसाच घेऊन या." ती त्यांचा हात सावकाश टेबलापाशी घेऊन गेली, कोपऱ्यावर आणला, किंचित डावीकडे, किंचित मागे. "आता टेकवा."

मावशींनी अंगठा टेकवला. खाली प्लास्टिक आहे, चित्र आहे, काहीच जाणवत नव्हतं.

"टेकला?"

"टेकला. दाबा. आणखी."

"एवढं?"

"एवढं पुरे. थांबा." सुनेनं ब्रश पाण्यात बुडवून अंगठ्याच्या कडेनं एक थेंब सोडला. खळीला बोट आवडतं की चित्र, हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

"सुटला का गं?"

"नाही अजून."

"आता?"

"उचलू नका, आई. नाही सुटला."

खालच्या दुकानातली कानस थांबली. कंडक्टरकाकांनी टेबलाची कड धरून ठेवली होती, जणू गाडी वळणावर होती.

"आता उचला. सरळ वर. हळू."

मावशींनी अंगठा उचलला. त्यांनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही; त्या सुनेच्या चेहऱ्याकडे बघत होत्या. सुनेनं मान डोलावली.

"अस्तर तू लाव," मावशी म्हणाल्या. "खळ पुन्हा मार, कडा वाळल्यात. मी सांगते तसं कर."

"मला येईल का?"

"तुझ्या बोटाला विचार. मला काय विचारतेस?"

सुनेनं अस्तर पट्टीवर घेतलं आणि मधोमध टेकवून दोन्हीकडे सोडत गेली. मावशी तिच्या पाठीमागून सांगत होत्या, मधून बाहेर, मधून बाहेर, दाबू नको, झाडू मारल्यासारखा ब्रश फिरव. जिथे मघाशी जास्त पाणी पडलं होतं तिथे सुनेचा हात थांबला. "इथे फार गार लागतंय," ती म्हणाली. मावशींनी टिपकागद पुढे केला. मग दोघींनी मिळून ते उचललं, प्लास्टिक सोडवलं, आणि अस्तराच्या कडांना खळ लावून चित्र फळीवर ताणून चिकटवलं. पेन्सिलीतली मुलगी एक बूट हातात घेऊन सगळ्यांकडे बघत होती. कोपऱ्यात निळा ठसा होता.

त्या दिवशी वर्ग संपला तरी कुणी लवकर निघेना. डॉक्टरीणबाई पर्स उचलू लागल्या तशा मावशी त्यांच्यापाशी गेल्या. "मी उगाच तोंड सोडलं," त्या म्हणाल्या. "तुमची काही चूक नव्हती." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "होती. खिडकी मी उघडली होतीच." आणि मग त्यांनी मावशींचा तोच हात दोन्ही हातांत धरला आणि कुठे औषध चालू आहे, पायांना पण असं होतं का, सगळं विचारून घेतलं. मावशींनी मुकाट्यानं सांगितलं. गोळ्या कुठे ठेवल्यात तेही सांगितलं. कंडक्टरकाका दारातून म्हणाले, "म्हणजे तो लाड नव्हता तर. मला वाटायचं प्रेम आहे." मावशी म्हणाल्या, "चला, तुमची गाडी सुटेल."

सगळे गेल्यावर दोघी आवरू लागल्या. सून वाडगा धूत होती, पाठ मावशींकडे.

"तुला केव्हा कळलं?" मावशींनी विचारलं.

"तुम्ही वह्या शिवत होता तेव्हा. सुई बोटात गेली. रक्त येत होतं, आणि तुम्ही शिवतच होता. वहीचं पान मी नंतर बदललं."

मावशींना ती वही आठवली. त्याला कितीतरी दिवस झाले होते. म्हणजे गालाला कागद लावायची युक्ती, चष्म्याचा नंबर, सगळं हिला माहीत होतं, आणि ही मुकाट बघत होती.

"माहीत होतं, तरी बापाचं चित्र माझ्या हातात दिलंस? डोकं फिरलंय का तुझं?"

सुनेनं नळ बंद केला. "तुम्ही सांगाल म्हणून दिलं," ती म्हणाली. "मी विचारलं असतं तर तुम्ही नाहीच म्हणाला असता. वाटलं, चित्र समोर ठेवलं तरी सांगाल. म्हणाल, मला जमणार नाही, तू हात लाव." तिनं वाडगा पालथा घातला. "शेवटपर्यंत वाट बघितली मी. अस्तर हातात घेतलं तोवर."

इतकी वर्षं मावशींनी कुणाचं ऐकून घेतलं नव्हतं, आणि हिनं तर आवाजही चढवला नव्हता. आपण त्या चित्रासाठीसुद्धा सांगितलं नाही, हे त्यांना आता स्वच्छ दिसत होतं, आणि ते अंगठ्यावरच्या तुकड्यापेक्षा जास्त लागलं. त्या फळीपाशी जाऊन उभ्या राहिल्या. चित्र वाळत होतं. भेगा मिटल्या होत्या, फक्त कोपऱ्यातल्या तुकड्याभोवती केसासारखी एक रेघ राहिली होती आणि ठसा किंचित तिरपा बसला होता.

"वाकडा लागला गं," त्या म्हणाल्या. "पुन्हा ओला करून सरळ करता येईल. तू करशील."

सून हात पुसत शेजारी आली.

"नको," ती म्हणाली. "राहू दे. दोघांचा आहे आता."

मावशींनी चष्मा काढला आणि अॅप्रनच्या टोकानं पुसत बसल्या. तो आधीच स्वच्छ होता.

पुढच्या रविवारी वर्गाला एक नवी बाई आली होती, कुठल्याशा बँकेत काम करणारी, बोटं शाईची. चित्र तेव्हा फळीवरून सुटून भिंतीवर गेलं होतं. बाईनं ओल्या ब्रशनं रेघ ओढली आणि सगळे विचारतात तेच विचारलं, "मावशी, एवढं ओलं चालेल का?" आणि कागद पुढे केला.

सवयीनं मावशींचा हात पुढे गेला. मग त्यांनी तो मागे घेऊन पाठीशी धरला. टेबलाच्या पलीकडे सून खळ चाळत होती. तिची चाळणी थांबली.

"माझ्या बोटांना कळत नाही हो," मावशी म्हणाल्या. "तुम्हीच सांगा मला. कसं लागतंय?"

बाईला ते विचित्र वाटलं असावं. तिनं सुनेकडे बघितलं, मग रेघेवर बोट टेकवलं आणि जरा विचार केला.

"गार लागतंय," ती म्हणाली. "पण बोट ओलं होत नाहीये."

"मग फाडा," मावशी म्हणाल्या.